खाडीतल्या कयाक मासेमारीसाठी स्पिनिंग रीळ कसे निवडावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरे सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्याच्या खाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. कर्ली, तेरेखोल, शापोरा यांसारख्या नद्यांची मुखे, कांदळवनाच्या कडा, कालवांनी भरलेले खडक आणि मुखाबाहेरचा जवळचा समुद्र एवढेच पाणी इथे गृहीत धरले आहे. जिताडा (गोव्यात चोणक), तांबोशी, रावस आणि हंगामात आत घुसणारी लहान सुरमई हे मुख्य मासे आहेत. खोल समुद्रात जाणाऱ्यांची गरज वेगळी असते आणि तिचा विचार इथे केलेला नाही.

किनाऱ्यावरून गरवण्यासाठी घेतलेले रीळ कयाकवर चालणार नाही का?

चालते, पण फार दिवस टिकत नाही. जेटीवर उभे राहून गरवताना रीळ पाण्यापासून निदान दीड-दोन मीटर उंच असते आणि त्याला फक्त खारी हवा लागते. कयाकवर आपण पाण्यापासून वीतभर उंचीवर बसतो, रॉड मांडीवर आडवा असतो आणि वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला त्याच्या दांड्यावरून ओघळलेले खारे पाणी थेट रिळावर पडते. मागच्या होल्डरमध्ये रॉड उभा केला तरी लाटेचा शिंतोडा तिथपर्यंत पोहोचतोच. परतताना किनाऱ्यावरच्या लाटेत कयाक आडवी झाली, तर रीळ सरळ वाळूमिश्रित पाण्यात जाते. त्यामुळे कयाकसाठी रीळ पाहताना ‘हे किती मोठा मासा ओढेल’ या प्रश्नाच्या आधी ‘यात पाणी आणि रेती कुठून शिरेल’ हा प्रश्न विचारावा.

कोणत्या आकाराचे रीळ घ्यावे?

एकच रीळ घ्यायचे असेल तर ४००० आकाराचे घ्यावे. दोन घेता येत असतील तर दुसरे २५०० किंवा ३००० चे असावे.

नवशिक्या माणसाचा कल साहजिकच ५००० किंवा ६००० कडे असतो, कारण जिताडा मोठा होतो हे त्याने ऐकलेले असते. परंतु मोठे रीळ दोनच गोष्टींसाठी लागते: खूप दोरी मावण्यासाठी आणि मोठा ड्रॅग सोसण्यासाठी. ड्रॅग म्हणजे ठरावीक ताणाला दोरी सुटू देणारा रिळातला ब्रेक. कयाकवर या दोन्ही गोष्टींची गरज कमी होते. मासा जोरात पळाला तर हलकी कयाकही त्याच्यामागे ओढली जाते, त्यामुळे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाइतकी दोरी सोडावी लागत नाही, आणि दीडशे ते दोनशे मीटर दोरी खाडीत पुरून उरते. शिवाय कयाकवर बसून दिवसभरात तीन-चारशे वेळा ल्यूर (बनावट आमिष) फेकायचा असतो. लाइफ जॅकेट घातलेले असते, कोपर मागे नेता येत नाही आणि सगळी फेक मनगट व पुढच्या हातावर येते. रिळाचे शंभर-सव्वाशे ग्रॅम जास्तीचे वजन दुकानात जाणवत नाही, पण सकाळी दहाच्या सुमारास ते नेमके मनगटात उतरते.

२५००-३००० चे रीळ बोटभर लांबीच्या हलक्या ल्यूरसाठी, जिवंत कोळंबी लावून कडेकडेने गरवण्यासाठी आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे प्रवाह मंद असताना, उत्तम काम देते. उधाणाच्या भरती-सुकतीला पाणी धावत असते, त्यात वजनदार ल्यूर खाली ठेवावा लागतो, आणि तिथे ४००० चे रीळ हातात असलेले बरे.

दोन कंपन्यांची ४००० आकड्याची रिळे शेजारी ठेवली तर एक मोठे आणि एक लहान का दिसते?

हा आकडा प्रमाणित नाही. प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने लावते. डायवाने २०१८ च्या सुमारास ‘एलटी’ मालिका आणली तेव्हा त्यांच्याच आकड्यांचा अर्थ बदलला, आणि जुन्या २५०० च्या जवळपासचे रीळ नव्या मोजणीत ३००० झाले. शिमानोच्या आकड्याआधी ‘सी’ असेल, उदाहरणार्थ सी-३०००, तर त्याचा अर्थ स्पूल (दोरी गुंडाळायची फिरकी) ३००० चा पण मागची बॉडी लहान, २५०० ची, असा असतो. पेन (Penn) या कंपनीची रिळे त्याच आकड्याला बहुधा वजनाने जड भरतात. म्हणून आकड्यावर न जाता तीन गोष्टी पाहाव्यात: ग्रॅममधले वजन, स्पूलवर अमुक जाडीची किती मीटर दोरी मावते, आणि हँडलच्या एका फेऱ्यात किती सेंटिमीटर दोरी आत येते. वजन २५० ते ३५० ग्रॅमच्या दरम्यान असेल आणि ०.२३ मिलिमीटरची सुमारे दोनशे मीटर दोरी मावत असेल, तर खोक्यावर काहीही छापलेले असले तरी आपल्या कामाचे रीळ तेच.

ड्रॅग किती किलोचा असावा? जाहिरातीत तर १२-१५ किलो लिहिलेले असते.

तो आकडा वाचून सोडून द्यावा. हिशेब असा आहे: खाडीत वापरली जाणारी ब्रेडेड (धागे विणून केलेली) दोरी साधारण २० पौंडांची, म्हणजे सुमारे ९ किलो ताण सोसणारी असते. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांवर लावण्याचा प्रघात आहे. म्हणजे आपल्याला प्रत्यक्षात सव्वादोन ते पावणेतीन किलोच ड्रॅग लागतो. गाठीची ताकद दोरीपेक्षा कमी असते, तेव्हा याहून जास्त ताणण्यात शहाणपण नाही.

दुसरे कारण दोरीचे नसून आपल्या बैठकीचे आहे. किनाऱ्यावर माणूस पाय रोवून उभा राहतो. कयाकवर रोवायला पाय नसतात. आठ किलोच्या ओढीने मासा बाजूला पळाला आणि ड्रॅग सुटला नाही, तर अरुंद कयाक त्या बाजूला कलते, आणि घाबरून आपण वाकलो की उरलेले काम आपणच पूर्ण करतो. मासा लागल्यावर रॉडचे टोक नाळेकडे (कयाकच्या पुढच्या टोकाकडे) वळवून ठेवले तर कयाक मुकाट्याने त्याच्यामागे जाते. कयाक हाच तुमचा दुसरा ड्रॅग आहे.

तरीही एक प्रसंग असा येतो की जिथे ड्रॅग कमी पडतो. जिताडा किंवा तांबोशी कांदळाच्या मुळांतून बाहेर येऊन ल्यूर घेते आणि त्याच क्षणी परत मुळांकडे वळते. पहिल्या तीन सेकंदांत तिचे तोंड फिरवले नाही तर दोरी मुळांत अडकते आणि संपते. अशा वेळी ड्रॅग आवळून उपयोग होत नाही, कारण मासा मुळांकडे जातो आणि कयाकही त्याच्याबरोबर मुळांकडे जाते. यावर उपाय रिळात नाही, कयाक कुठे उभी करायची यात आहे. मुळांच्या समोरासमोर न राहता कडेला समांतर राहून फेक करावी, आणि मासा लागताच वल्ह्याचे एक-दोन उलटे फटके मारून आधी कयाक बाहेर काढावी.

ड्रॅग निवडताना खरी कसोटी ताकदीची नसून सुरुवातीच्या झटक्याची आहे. दुकानात स्पूलवरची दोरी हाताने हळू ओढून पाहावी. स्पूल आधी अडकून मग एकदम सुटत असेल, तर ते रीळ परत ठेवावे. ब्रेडेड दोरी ताणली जात नाही, त्यामुळे तो अडखळा थेट गाठीवर किंवा माशाच्या ओठावर बसतो.

ड्रॅग किती लागला आहे हे मोजायचे कसे?

सामान तोलण्याचा छोटा हुकाचा काटा पुरतो. दोरी रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवून काट्याला बांधावी, रॉड मासेमारीत धरतो तसा तिरका धरावा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगावे. स्पूल फिरू लागते त्या क्षणाचा आकडा म्हणजे आपला ड्रॅग. एक बारकावा लक्षात ठेवावा: दोरी सुटत जाते तसा स्पूलवरचा घेर कमी होतो आणि तोच ड्रॅग जड होत जातो. घेराचा व्यास ५० मिलिमीटरवरून ४० वर आला तर अडीच किलोचा ड्रॅग तीन किलोंच्या वर पोहोचतो. मासा लांब पळाल्यावर ड्रॅग आवळण्याऐवजी किंचित सैल करावा असे जुने लोक सांगतात, त्याचे कारण हेच.

‘वॉटरप्रूफ’ आणि ‘आयपीएक्स’ या लेबलांवर किती विश्वास ठेवावा?

लेबल खोटे नसते, पण ते काय सांगते हे नीट वाचले पाहिजे. आयपीएक्स-५ चा अर्थ ठरावीक दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण, आयपीएक्स-६ चा अर्थ त्याहून जोरदार फवाऱ्यापासून संरक्षण. पाण्यात बुडवून ठेवण्याची चाचणी आयपीएक्स-७ पासून सुरू होते, आणि तीही एक मीटर खोलीवर तीस मिनिटांची. पेनचे ‘स्पिनफिशर ६’ हे आयपीएक्स-५ चे, तर ‘स्लॅमर ४’ हे आयपीएक्स-६ चे. म्हणजे दोन्ही रिळे शिंतोड्यांना आणि लाटेच्या फटक्याला चांगली तोंड देतात, पण कयाक उलटून रीळ तळाशी गेले तर त्या अंकात त्याबद्दल काहीच आश्वासन नाही. शिवाय ही चाचणी गोड्या, स्वच्छ पाण्याने आणि कोऱ्या रिळावर होते. दोन हंगाम वापरलेल्या, रबराच्या कड्या घासलेल्या रिळावर होत नाही.

डायवाच्या काही रिळांत रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग) आणि बॉडी यांच्यामधली फट चुंबकाने धरून ठेवलेल्या तेलाने बंद केलेली असते. ही रचना घर्षण वाढवत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र त्या जागी घरचे तेल घालू नये, कारण बाहेरचे तेल मिसळले की चुंबकीय तेलाचा पडदा तुटतो.

माझ्या मते कयाकसाठी बंदिस्तपणा तीन जागी हवा, आणि त्याच क्रमाने: दोरी ज्यावरून वळते तो लाइन रोलर, उलट फिरणे रोखणारे एकमार्गी बेअरिंग, आणि ड्रॅगच्या चकत्या. गिअरपेटीला त्यानंतरचे महत्त्व आहे. ज्या रिळांत उलटे फिरवण्याची कळच नाही, त्यांत पाणी शिरायला एक भोक कमी, हाही फायदाच.

लाइन रोलर एवढा महत्त्वाचा का?

तो रिळाच्या सगळ्यात बाहेर असतो, सगळे खारे पाणी दोरीबरोबर त्याच्यावरूनच जाते आणि त्याच्या आतले बेअरिंग वाटाण्यापेक्षा फार मोठे नसते. माझे पहिले कयाकचे रीळ इथेच गेले. सहा महिने वापरल्यावर दोरी फुलल्यासारखी, केसाळ दिसू लागली, म्हणून मी दोष दोरीला दिला आणि नवी दोरी भरली. तीही पंधरवड्यात तशीच झाली. शेवटी नखाने रोलर फिरवून पाहिला तर तो फिरतच नव्हता. आतले बेअरिंग गंजून गच्च झाले होते, आणि न फिरणाऱ्या रोलरवर दोरीने केसाएवढी रेघ कोरली होती. ज्या दुकानातून रीळ घेतले तिथे सुटा रोलर मिळत नव्हता. एवढ्याशा भागापायी रीळ बाजूला पडले.

तेव्हापासून मी प्रत्येक फेरीनंतर ओली दोरी रोलरवरून ओढून तो फिरतो की नाही ते पाहतो, आणि नवे रीळ घेण्याआधी त्याचा रोलर, बेल (दोरी उचलणारी तारेची कमान) आणि हँडलचा स्क्रू सुटे मिळतात का हे विचारतो. दुकानदाराला हा प्रश्न आवडत नाही, पण विचारावा.

बेअरिंग जास्त म्हणजे रीळ चांगले, हे खरे आहे का?

नाही. चार चांगली, आच्छादित बेअरिंग असलेले रीळ बारा स्वस्त बेअरिंगांच्या रिळापेक्षा खाऱ्या पाण्यात जास्त टिकते. गंजण्याच्या जागाही बाराच्या बारा असतात.

गिअर रेशो किती असावा?

रेशो म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरी स्पूलवर किती वेढे घेते तो आकडा. हा सुटा आकडा फसवा असतो, कारण स्पूलचा घेर त्यात धरलेला नसतो. दोरीचा थर ५० मिलिमीटर व्यासाचा असेल तर एका वेढ्यात सुमारे १५७ मिलिमीटर दोरी बसते. ५.२ रेशोला हँडलच्या एका फेऱ्यात जवळपास ८२ सेंटिमीटर आणि ६.२ ला ९७ सेंटिमीटर दोरी आत येते. कयाकवर वेगवान रिळाचा एक खास फायदा आहे. वारा आणि प्रवाह कयाकला माशाकडे ढकलतात, किंवा मासाच उलटा वळून कयाककडे धावतो, आणि दोरी क्षणात सैल पडते. सैल दोरीवर जिताड्याने डोके झटकले की गळ निघालाच म्हणून समजावे. तेव्हा दर फेऱ्याला ९० सेंटिमीटरच्या आसपास दोरी ओढणारे रीळ घ्यावे, आणि ल्यूर हळू चालवायचा असेल तर हात हळू फिरवावा. मंद रीळ घाईच्या वेळी वेगाने फिरवणे त्याहून अवघड आहे.

बॉडी ॲल्युमिनियमची घ्यावी की ग्रॅफाइटची?

ज्याला ग्रॅफाइट म्हणतात ते कार्बनमिश्रित प्लास्टिक असते. ते गंजत नाही आणि हलके असते, पण जोर पडला की किंचित वाकते आणि गिअरचे दात एकमेकांवर सरळ बसत नाहीत. ॲल्युमिनियम ताठ असते, मात्र रंग खरवडला आणि शेजारी स्टीलचा स्क्रू असला की खाऱ्या पाण्यात तिथे पांढरी भुकटी धरते. अडीच किलोच्या ड्रॅगला चांगल्या बनावटीची ग्रॅफाइट बॉडी पुरते. मॅग्नेशियमची महागडी, अतिशय हलकी रिळे कयाकवर नेऊ नयेत. ती हाताला छान लागतात, पण वरचा लेप एकदा उडाला की खारे पाणी त्यांना खाऊ लागते.

रिळावर कोणती दोरी भरावी?

पीई (ब्रेडेड दोरीच्या जाडीचा क्रमांक) १.५ ची, म्हणजे सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीची ब्रेडेड दोरी ४००० च्या रिळाला योग्य आहे. कालवांचे खडक जास्त असतील तर पीई २ घ्यावी. छोट्या रिळाला पीई १ पुरते. तळाशी दहा-बारा वेढे साध्या तंगुसाचे घालावेत, नाहीतर ब्रेडेड दोरी गुळगुळीत स्पूलवर सबंध गोळ्यासकट फिरते आणि आपल्याला वाटते की ड्रॅग बिघडला. दोरी ओल्या फडक्याच्या चिमटीत धरून ताणाने भरावी आणि स्पूलच्या काठापासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडावी.

पुढचा लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला तुकडा, मात्र तंगुसाचा किंवा फ्लुरोकार्बनचा, ३० ते ४० पौंडांचा आणि हातभर ते दीड हात असावा. जिताड्याला टोकदार दात नसतात, पण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते आणि ब्रेडेड दोरी तिला एका झटक्यात बळी पडते.

बसल्या जागेवरून फेक बुटकी होते आणि वाऱ्याने दोरीला पोट येते. बेल हँडल फिरवून न मिटता हाताने मिटवावी आणि दोरी एकदा बोटांनी ताणून मगच गुंडाळायला घ्यावे. स्पूलवर सैल वेढा राहिला की पुढच्या फेकीला गुंता ठरलेला, आणि हलत्या कयाकवर ओल्या बोटांनी गुंता सोडवण्यासारखी शिक्षा नाही.

जिवंत कोळंबी लावून गरवणाऱ्यांनी वेगळे रीळ घ्यावे का?

ज्या रिळाला मागे एक कळ असते आणि ती दाबली की स्पूल अगदी हलक्या ड्रॅगवर मोकळे सुटते, तसे रीळ या कामाला फार सोयीचे पडते. रॉड होल्डरमध्ये ठेवून वल्हे हातात धरता येते, माशाने आमिष घेतले की दोरी करकरत सुटते, आणि हँडल फिरवताच मुख्य ड्रॅग लागू होतो. अशी रिळे थोडी जड असतात. सतत ल्यूर फेकणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

हँडल डाव्या हाताला असावे की उजव्या?

बहुतेक स्पिनिंग रिळांचे हँडल दोन्हीकडे बसवता येते. उजव्या हाताने फेकणाऱ्याने ते डावीकडे ठेवावे, म्हणजे रॉडचा हात बदलावा लागत नाही. स्क्रूने घट्ट बसणारे हँडल घडीच्या हँडलपेक्षा चांगले, कारण त्यात खुळखुळ कमी असते. मूठ फोमची आणि गोल असली तर ओल्या, माशाच्या बुळबुळीत हातातून निसटत नाही.

फेरीनंतर रीळ कसे धुवावे?

आधी ड्रॅग पूर्ण आवळावा, म्हणजे पाणी चकत्यांत शिरत नाही. मग झारीच्या हलक्या धारेने किंवा ओल्या फडक्याने रीळ पुसून घ्यावे. नळाला पाइप लावून जोराची धार मारू नये. ती मीठ काढत नाही, आत ढकलते. बादलीत बुडवण्याची सवयही तशीच घातक आहे. नंतर रीळ झटकून सावलीत वाळवावे, लाइन रोलर आणि हँडलच्या मुठीला हलक्या तेलाचा एकेक थेंब द्यावा आणि शेवटी ड्रॅग पूर्ण सैल करावा, विशेषतः चकत्या फेल्टच्या असतील तर. हे सगळे त्याच दिवशी करावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मीठ वाळून खडे झालेले असते. एकमार्गी बेअरिंगमध्ये ग्रीस घालू नये. त्यातले रूळ घसरू लागतात आणि हँडल ऐन वेळी मागे फिरते.

रीळ समुद्राच्या पाण्यात पूर्ण बुडाले तर काय करावे?

पाण्यातून काढल्यावर ते फिरवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण आत रेती असेल तर दोन फेऱ्यांत गिअर खरवडले जातात. किनाऱ्यावर आल्यावर गोड्या पाण्याने बाहेरून धुऊन स्पूल काढावे, ड्रॅगच्या चकत्या वेगळ्या करून पुसाव्यात आणि शक्य तितक्या लवकर, आठवडाभराने नव्हे, रीळ उघडून साफ करावे किंवा करून घ्यावे. बंदिस्त रीळ असेल तर घाई अधिकच हवी. एकदा आत शिरलेले पाणी त्यातून बाहेर पडायलाही वाट नसते.

या त्रासापेक्षा रॉडला मीटरभर दोरीने कयाकला बांधून ठेवणे सोपे आहे. लाटांतून किनाऱ्याला लागण्याआधी रॉड झाकणाखाली किंवा पायांशी आडवे बांधावेत आणि रिळावर जुना मोजा चढवावा. मोज्याला लोक हसतात, पण रेती तो बऱ्यापैकी बाहेर ठेवतो.

पावसाळ्यात रिळाचे काय करावे?

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारीबंदी असते. कयाकला यंत्र नसले तरी त्या दिवसांत मुखाकडे कुणी फिरकू नये, कारण नदीचे उतरते पाणी आणि समुद्राची लाट तिथे समोरासमोर येतात. हाच काळ रीळ उघडण्याचा. जुने ग्रीस पुसून नवे लावावे, ड्रॅगच्या चकत्या पाहाव्यात, आणि ब्रेडेड दोरी स्पूलवर उलटी भरावी, म्हणजे तळाशी राहिलेली न वापरलेली बाजू वर येते आणि आणखी एक हंगाम निघतो. कोकणातल्या दमट हवेत रीळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नये. कापडात गुंडाळून, ड्रॅग सैल करून, घरातल्या कोरड्या फळीवर ठेवावे आणि पंधरा दिवसांनी एकदा हँडल फिरवून पाहावे.